उंबरटेक, आमच्या वार्ताहराकडून

पुणे, १४ नोव्हेंबर २०२२

श्री. दीनानाथ आगाशे यांस,

नमस्कार. सुरुवातीला 'सप्रेम' लिहिलेलं नाही. ते चुकून राहिलेलं नाही.

मी उंबरटेकच्या दत्तोबा पायगुडे यांची मुलगी, हेमा. आपली शेवटची भेट स्मशानात झाली. तुम्ही आईला नमस्कार करायला पुढे आलात तेव्हा मी म्हणाले होते, "तुम्ही आमच्या घरी येऊ नका." तुम्ही मान हलवलीत आणि खरोखरच कधी आला नाहीत. सांगितलेलं इतकं तंतोतंत कुणी पाळेल असं मला वाटलं नव्हतं.

कसब्यातलं तुमचं घर बंद दिसलं. तुम्ही निवृत्तीनंतर गुहागरला गेल्याचं शेजारच्या दुकानातल्या तांबटांनी सांगितलं. फोन केला तर तो पद्मजाकाकूंनी घेतला. "ते आताशा कुणाचाच फोन घेत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "तू पत्र लिही. हातानं लिहिलेला कागद समोर आला की वाचल्याशिवाय राहवत नाही त्यांना. जन्मभर दुसरं केलंय काय?" म्हणून हे पत्र. माझं अक्षर चांगलं नाही. सही सोडून काही हाताने लिहायची वेळ येत नाही.

विषय असा. आप्पांचा खटला अखेर उभा राहिला आहे. डंपर चालवणारा बजरंग हा पहिला आरोपी आणि टेकडी फोडणारा जयसिंग दुसरा. जयसिंगच्या वकिलांचं म्हणणं, हा अपघात आहे. डेअरीत दूध घालून परत येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला डंपरने उडवलं, पुण्याच्या कडेकडेने असं रोज होतं. रोज होतं, हे खरं आहे. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती, हेही खरं आहे. पण ब्रेकच नादुरुस्त होते असा अहवाल आला आहे. तेव्हा हा खून म्हणायचा तर कारण दाखवावं लागेल. आप्पा तुमच्या पेपरला बातम्या देत होते आणि त्यावरून जयसिंग त्यांना काही बोलला होता, हे कुणीतरी सांगावं लागेल. आई आणि मी सांगूच. पण आम्ही घरच्या. घरच्यांच्या साक्षीचं वजन किती धरतात ते आम्हाला समजावून सांगण्यात आलं आहे. बाहेरचं माणूस एकच, ज्यांना आप्पांनी ते स्वतः सांगितलं होतं. तुम्ही.

सरकारी वकिलांनी मला बजावलं आहे की साक्षीदाराशी साक्षीबद्दल बोलायचं नाही. वर लिहिलं ते आरोपपत्रात आहेच. त्यापलीकडे तुम्ही काय सांगावं याविषयी मी एक शब्दही लिहिणार नाही. या पत्रात नाही आणि पुढच्याही नाही. समन्स येईल. तुम्ही या. माझं मागणं तेवढंच आहे.

एक गोष्ट साक्षीत येणार नाही, ती लिहिते. तुमच्या पेपरने पोलिसांना पत्र दिलं की घटनेच्या दिवशी दत्तोबा पायगुडे त्यांचे अधिकृत वार्ताहर नव्हते. मी ते पत्र पाहिलं आहे. ओळखपत्राची मुदत दर वर्षी ३१ मार्चला संपायची आणि नवीन कार्ड जूनमध्ये यायचं. मधले महिने आप्पा जुनंच कार्ड गळ्यात पालथं घालून फिरायचे, तारीख दिसू नये म्हणून. ११ एप्रिल त्या मधल्या महिन्यांत आला.

मी भोसरीच्या एका प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासते. प्रत्येक उपकरणावर मुदतीची चिठ्ठी असते. मुदत उलटलेल्या उपकरणाचं माप आम्ही मान्य करत नाही, मग ते त्या दिवशी अगदी बरोबर मोजत असलं तरी. तेव्हा पेपरने नियमाबाहेरचं काही केलं असं मी म्हणू शकत नाही. त्या टेबलावर मी असते तर मीही तेच पत्र लिहिलं असतं. हे लिहायला मला बरं वाटत नाही.

हेमा दत्तोबा पायगुडे


पुणे, २२ जानेवारी २०२३

श्री. आगाशे,

उत्तर आलं नाही. ते यावं म्हणून हे पत्र लिहीत नाही. तारीख पुढे गेली आहे, एवढं कळवायचं होतं. न्यायाधीशांची बदली झाली. नवीन आलेले सुरुवातीपासून वाचत आहेत.

तेवढ्यावर पत्र संपवायला हवं होतं. पण आज रविवार आहे आणि आई पेपर वाचते आहे. आमच्याकडे अजून तुमचाच पेपर येतो. मी दोनदा बंद केला, तिने दोनदा चालू केला. ती ग्रामीण पुरवणी उघडते, बातम्यांच्या सुरुवातीची गावांची नावं बोटाने बघत जाते आणि मिटून ठेवते. आप्पा गेल्यापासून उंबरटेकची एकही बातमी आलेली नाही. तुमच्या पेपरवरून पाहिलं तर आमच्या गावात तेव्हापासून काही घडलेलं नाही.

त्याआधी मात्र पुष्कळ घडायचं. पाण्याचा टँकर, शाळेचे पत्रे, ओढ्यात टाकलेला राडारोडा. आणि प्रत्येक बातमीच्या डोक्यावर एकच ओळ: 'उंबरटेक, आमच्या वार्ताहराकडून'. आप्पांचं नाव कधीच नाही. ग्रामीण पुरवणी तुम्ही बघायचात, म्हणून ते दर महिन्याला तुमच्याकडे यायचे आणि म्हणायचे, "साहेब, एकदा तरी नाव टाका की." एकदा तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत ते त्यांनी घरी तुमच्याच आवाजात करून दाखवलं होतं. "दत्तोबा, नावाची एवढी हौस असेल तर पुण्यस्मरणाची जाहिरात द्या. तिथं नाव आणि फोटो दोन्ही छापून येतं. फक्त त्यासाठी थोडा त्याग करावा लागतो."

आई भडकली. "असलं अभद्र बोलतो मानूस, आन् तुमी दात काढताय?"

"अगं, पुण्याची मान्सं ती," आप्पा म्हणाले. "त्यांची शिवीसुदिक इस्त्री केलेली असती."

पण मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं की नंतर तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "नाव नाही तेच बरं आहे, दत्तोबा. नाव नसलेल्या माणसाला शोधायला वेळ लागतो."

उंबरटेकात वेळ लागत नाही हे तुम्हाला माहीत नसावं. तिथे 'आमचा वार्ताहर' म्हणजे कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरीही आप्पा म्हणायचे, "ठाऊक असनं येगळं आन् छापलेलं येगळं." ते हे नावाच्या हौसेपोटी म्हणत होते, पण बोलले ते अगदी बरोबर. जोवर छापलेलं नव्हतं तोवर जयसिंगलाही न समजल्यासारखं करता येत होतं. पारावर भेटला की तो "काय दत्तोबा, पेपरात कोन लिवतंय वो आमच्याबद्दल?" असं विचारायचा आणि आप्पा "कोन की बा" म्हणायचे. दोघेही चहा प्यायचे. त्या चहावर गाव चालत होतं.

२ एप्रिल २०१८ ला टेकडीची बातमी आली, पहिला भाग. कुठल्या गटात किती खोदलं, परवानगी कशाची होती, फोटोसकट. आणि वर नाव: दत्तोबा पायगुडे. तुमच्या नोकरीचा तो शेवटचा महिना होता. आप्पा म्हणाले, "साहेबांनी जाता जाता दिलं बघ."

त्यांनी स्टँडवरचे सगळे अंक उचलून आणले. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "लई बारीक छापलंय."

"बारीक? मंग किती पायजे, माझ्याएवढं?"

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा ते ओसरीवर वाटच बघत होते. "हेमे, तुझं ते मोजायचं काढ बरं." वर्तमानपत्राच्या कागदावर व्हर्नियर लावणं चूक आहे, अक्षराची कड नीट सापडत नाही. पण त्यांना आकडा हवा होता. मी मोजून सांगितलं, साडेतीन मिलिमीटर. मग दुसऱ्या दिवशी डेअरीवर, पारावर, सलूनमध्ये, जो भेटेल त्याला: "साडेतीन मिलिमीटर नाव आलंय. पोरीनं मोजलंय."

पुढच्या आठवड्यात त्यांना आमच्या गावातल्या स्मशानात नेलं, आणि तुम्ही तिथवर आलात. मी तुम्हाला जे बोलले ते त्या साडेतीन मिलिमीटरमुळे बोलले. ते मागे घेत नाही. फक्त का बोलले ते कळवलं.

हेमा


पुणे, ९ मे २०२३

श्री. आगाशे,

समन्स तुम्हाला बजावल्याचं वकिलांकडून कळलं. तारीख १९ जून, सोमवार. कोर्ट शिवाजीनगरचं. गुहागरची एसटी स्वारगेटला सकाळी लवकर येते. तिथून कोर्टात यायला रिक्षा धरा, बसच्या नादी लागू नका. पावसाळा लागलेला असेल, घाटाचा अंदाज घेऊन निघा. कोर्टात बसायला जागा मिळेलच असं नाही. पाणी बरोबर ठेवा.

मी तुम्हाला घ्यायला येणार नाही आणि त्या दिवशी तुमच्याशी बोलणार नाही. त्याचा अर्थ राग असा काढू नये. आई म्हणत होती, "साक्षीला येनारा मानूस उपाशी नगं जायला, डबा दे." मी तिला सांगितलं की डबा दिला तर त्यालाही पढवणं म्हणतील. ती म्हणाली, "मंग सरळ चालनाऱ्या मान्सानं जेवायचंच न्हाई म्हन की."

याल, असं धरून चालते.

हेमा


पुणे, २० जून २०२३

श्री. आगाशे,

आता साक्ष झाली. आता मी तुम्हाला काहीही लिहू शकते.

तुम्ही आलात. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. पिंजऱ्यात उभं राहताना एका हाताने कठड्याला धरलंत. शपथ घेताना तुमचा आवाज स्वच्छ होता. मी शेवटच्या बाकावर होते, आईशेजारी. सगळी प्रश्नोत्तरं मी तिथेच लिहून घेतली, कारण मला माझ्या आठवणीपेक्षा कागद बरा वाटतो.

सरकारी वकिलांनी विचारलं, "दत्तोबा पायगुडे तुमच्या वृत्तपत्राचे वार्ताहर होते का?"

"त्यांचं ओळखपत्र ३१ मार्चपर्यंत वैध होतं."

"त्यानंतर?"

"त्यानंतरचं काढलेलं नव्हतं."

"दोन एप्रिलची बातमी त्यांनी लिहिली होती?"

"बातमीवर त्यांचं नाव होतं."

"नाव कुणी टाकलं?"

"नाव डेस्कवर टाकलं जातं."

डेस्कवर त्या दिवशी कोण बसलं होतं ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. मग तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी तुम्हाला दोनशेहून जास्त किलोमीटरवरून बोलावलं होतं.

"नऊ एप्रिलला दत्तोबा तुमच्या कार्यालयात आले. त्यांनी धमकी आल्याचं तुम्हाला सांगितलं?"

"धमकी हा शब्द त्यांनी वापरला नाही."

"पोलिसांना दिलेल्या जबाबात तो शब्द आहे."

"जबाब पोलिसांनी त्यांच्या भाषेत लिहिला."

"मग दत्तोबा काय म्हणाले?"

"म्हणाले की जयसिंग त्यांना पारावर भेटले आणि म्हणाले, रस्त्याला डंपर फार आहेत, जपून चाला."

न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं. "म्हणजे काळजी व्यक्त केली?"

"शब्द तेवढेच होते," तुम्ही म्हणालात.

सरकारी वकिलांनी तुम्हाला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. मला तो शब्द पटला नाही. फितूर माणूस खोटं बोलतो. मी घरी येऊन तुमची उत्तरं एकेक करून तपासली, माझ्या कामात तपासते तशी. तुमचं प्रत्येक वाक्य अचूक होतं. कार्डाची तारीख बरोबर. नाव डेस्कवरच टाकतात. आप्पांनी धमकी हा शब्द वापरला नव्हता, कारण आप्पा तो शब्द कधीच वापरत नसत. आणि जयसिंगचे शब्द खरोखर तेवढेच होते. इतकं बिनचूक खोटं मी आजवर पाहिलेलं नव्हतं.

आता जे मी तीन पत्रांत लिहिलं नाही, ते लिहिते. नऊ एप्रिलला तुमच्याकडून परत आल्यावर आप्पांनी आम्हाला सगळं सांगितलं होतं. त्यांनी तुम्हाला जयसिंगची नक्कल करून दाखवली, "दत्तोबा, रस्त्याला डंपर लई झाल्यात, चाला आपलं जपून." तुम्ही हसलात. आप्पा म्हणाले, "साहेब लई हसले. मंग उठले आन् केबिनचं दार लावून आले. म्हनले, दुसरा भाग मी ठेवून घेतो, दत्तोबा. आत्ता नको."

तुम्ही दार लावलंत. काळजी व्यक्त केल्याचं ऐकून कुणी उठून दार लावत नाही. त्या दाराबद्दल तुम्हाला कुणी विचारलं नाही, आणि जे विचारलं नाही ते सांगायला साक्षीदार बांधलेला नसतो. मला हे माहीत आहे. मी वाचलं आहे.

जयसिंगच्या वकिलांनी एकच गोष्ट विचारली. "मयताच्या मुलीकडून तुम्हाला पत्रं आली?" तुम्ही म्हणालात, "आली." पिशवीतून तिन्ही काढलीत. एकावर एक, नीट घडी घातलेली. "काय सांगायचं ते लिहिलं होतं का यांत?"

"नाही. या, एवढंच."

"आणि तुम्ही आलात."

"आलो."

एवढं एक उत्तर तुम्ही कठड्यावरचा हात सोडून दिलंत.

बाहेर जिन्यावर तुम्ही हात जोडलेत. मी पाहिलं नाही असं दाखवलं. आईने मात्र जोडले. नंतर रिक्षात मी तिला विचारलं, का? ती म्हणाली, "आला तरी. डेअरीवर त्या दिवशी चाळीस मान्सं हुती. त्यातलं कोन आलं?"

हेमा


पुणे, ५ मार्च २०२४

श्री. आगाशे,

निकाल लागला. तुमच्या पेपरमध्ये आतल्या पानावर आला आहे, पण गुहागरला ती आवृत्ती येत नसेल.

जयसिंग निर्दोष. कट सिद्ध झाला नाही, हेतू सिद्ध झाला नाही. बजरंगला हलगर्जीपणाबद्दल शिक्षा झाली, आणि ती त्याची खटल्याच्या काळात आतच भोगून झाली आहे असं निघालं. संध्याकाळी दोघेही घरी गेले. निकालपत्रात आप्पांविषयी एक वाक्य आहे: 'मयत इसम शेती व दुग्धव्यवसाय करून उदरनिर्वाह करीत असे.' तेही अचूक आहे. म्हशी आमच्याकडे होत्याच.

गावाच्या कमानीवर फ्लेक्स लागला. जयसिंगचा हात जोडलेला फोटो, खाली 'सत्यमेव जयते' आणि शुभेच्छुकांचे चाळीस-पन्नास चेहरे. त्यात दहाव्याला आमच्याकडे जेवून गेलेले काही आहेत. आई त्या कमानीखालून जात नाही. मागच्या बांधावरून जाते. मी म्हटलं अपील करू. तिने विचारलं, "तिथं नवं काय सांगनार?" मी विचार केला. नवीन काही नाही.

परवा कामावर एक मापक आला, मुदत उलटलेला. तो न तपासता परत पाठवायचा असतो. मी तपासला. अगदी बरोबर मोजत होता. मग मी शेऱ्यात 'अमान्य' लिहिलं आणि परत पाठवला.

काल पद्मजाकाकूंचा फोन आला. तुम्ही त्यांना करू नको म्हणाला होतात, असं त्यांनीच सांगितलं. निकाल कळल्यावर त्यांना राहवलं नाही.

"हेमा, तुला एक सांगायचं राहिलंय. समन्स आलं ना, त्यानंतर दोन माणसं आली होती आमच्याकडे. पुण्याहून. फार सभ्य हो. आंब्याची चौकशी केली, चहा घेतला. आमची नात शाळेत जाते तो रस्ता विचारला."

मी विचारलं, "काही बोलले?"

"वाईट काहीच नाही. जाताना म्हणाले, काका, तुमच्याकडचे रस्ते फार अरुंद, वळणं आंधळी. मुलांना जपा."

"मग?"

"मग काय. ते गेल्यावर हे उठले आणि दार लावलं. तेव्हापासून आमचं दार दिवसा लावलेलं असतं. कोकणात गं! पोस्टमनसुद्धा विचारतो, काकू, कुणी आजारी आहे का?"

मी फोन ठेवला.

तुम्हाला त्या दिवशी पिंजऱ्यात हे सांगता आलं असतं का, याचा मी विचार केला. काय सांगितलं असतंत? दोन माणसं आली आणि त्यांनी मुलांना जपायला सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं असतं, म्हणजे काळजी व्यक्त केली? आणि शब्द तर तेवढेच होते.

तुमच्यावर माझा राग होता तो मला उपयोगी पडत होता. सकाळी उठून कामावर जायला, तारखांना जायला. आता तोही उरलेला नाही आणि त्या जागी दुसरं काही आलेलं नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

हेमा


पुणे, १२ एप्रिल २०२४

श्री. आगाशे,

हे शेवटचं पत्र. सोबत कालच्या अंकातली दोन कात्रणं आहेत. आधी मोठं पाहा.

आईचा हट्ट होता की या वर्षी आप्पांचं पुण्यस्मरण पेपरात द्यायचं. मी विचारलं, त्याच पेपरात? ती म्हणाली, "मंग? दुसऱ्या पेपरात त्यांना कोन वळखतंय?" म्हणून आम्ही दोघी तुमच्या कार्यालयात गेलो. तळमजल्यावर आता जाहिरातींची खिडकी आहे. एक मुलगी होती, पंचविशीची, बोलायला गोड. फोटो घेतला, नाव टाईप केलं आणि विचारलं, "नावाखाली काय टाकू, ताई?"

मी म्हटलं, "वार्ताहर."

"कुठल्या पेपरचे होते?"

"तुमच्याच."

ती खुश झाली. "हो का! मग आत विचारून येते, आपल्या माणसांना कदाचित चौकट वेगळी मिळते." ती आत गेली. येताना तिचा चेहरा पडलेला होता. "ताई, सॉरी हं. वार्ताहर शब्द टाकायचा तर संपादकीयचं पत्र लागेल म्हणतात. त्यांच्याकडे तसं नाव नाहीये." मग आईकडे बघून म्हणाली, "प्रगतशील शेतकरी टाकू का, आजी? सगळे तेच टाकतात. त्याला काही लागत नाही."

मी आईचा दंड धरला, निघण्यासाठी. ती हलली नाही. "टाक बाई," ती म्हणाली. "शेतकरी तर शेतकरी. पर नाव ठळक टाक. मागल्या टायमाला लई बारीक छापलं हुतं."

तेव्हा तुमचा तो विनोद मला आठवला. आईलाही आठवला असणार.

कात्रणात पाहा. कै. दत्तोबा गेनबा पायगुडे, प्रगतशील शेतकरी, सहावे पुण्यस्मरण. मी व्हर्नियर लावला. नाव आठ मिलिमीटर आहे.

आता दुसरं कात्रण. ते लहान आहे, हरवू नका. ते मला दिसलं नाही, आईला दिसलं. जाहिरात बघून झाल्यावर तिने सवयीने पुरवणी उघडली आणि गावांच्या नावांवरून बोट फिरवत होती, ते थांबलं. मग तिने पेपर माझ्याकडे सरकवला आणि आत निघून गेली.

चार ओळी आहेत. टेकडीच्या मागच्या बाजूला पुन्हा खोदकाम सुरू झालं आहे, राडारोडा ओढ्यात टाकला जातो आहे, ग्रामस्थांनी तक्रार केली आहे. वर लिहिलं आहे: 'उंबरटेक, आमच्या वार्ताहराकडून'.

कोण आहे मला माहीत नाही. मी शोधणार नाही आणि आईलाही विचारू दिलेलं नाही. कुणीतरी आहे. पारावर त्याला जयसिंग विचारत असेल, पेपरात कोन लिवतंय वो, आणि तो कोन की बा म्हणत असेल. त्याचं वय काय, घरी कोण आहे, त्याला मुलगी आहे का, मला काही माहीत नाही. काल सकाळपासून मी दुसरा विचार करू शकलेले नाही. त्याने लिहू नये असं मला वाटतं. असं वाटणारी मी आप्पांची मुलगी आहे.

मी पहिल्या पत्रात तुमच्याकडे एक मागणं केलं होतं. तुम्ही आलात. आता दुसरं करते, आणि यासाठी तुम्हाला दारसुद्धा उघडावं लागणार नाही. आत डेस्कवर तुमच्या हाताखालचं कुणी अजून असेल. त्यांना फोन करा. या माणसाचं नाव छापू नका म्हणावं. निवृत्तीच्या महिन्यात नाही, चांगल्या बातमीवर नाही, बक्षीस म्हणून नाही.

तो स्वतः मागायला आला तरी नाही.

हेमा